फसलेल्या चाचण्यांचे काय करावे? मज्जारज्जूच्या इजांवरील परिषदेसंबंधी एक संवाद

मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या इजांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या परिषदा गेली चार दशके नियमाने भरत आहेत. अमेरिकेत 1982 साली स्थापन झालेली नॅशनल न्यूरोट्रॉमा सोसायटी ही या परंपरेतील एक महत्त्वाची संस्था असून, प्रयोगशाळेत उंदरांवर काम करणारे जीवशास्त्रज्ञ, न्यूरोसर्जन, अतिदक्षता विभागातील वैद्य आणि पुनर्वसनतज्ज्ञ अशी एरवी एकमेकांचे लेखन क्वचितच वाचणारी मंडळी एका सभागृहात आणण्याचे काम अशा संस्था करीत आल्या आहेत. या काळात इजेच्या जीवशास्त्राचे ज्ञान अफाट वाढले, यात शंका नाही; परंतु तुटलेला मज्जारज्जू सांधणारे, सर्वांनी मान्य केलेले असे एकही औषध अद्याप रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलेले नाही, यातही शंका नाही. ज्ञान आणि उपचार यांच्यातील या अंतराचा अर्थ काय लावायचा आणि परिषदेने आपले मोजके तास कशावर खर्च करायचे, हा पुढील संवादाचा विषय आहे. संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत. त्यांच्या भूमिका मात्र या क्षेत्रात खरोखरच मांडल्या जातात आणि त्यांनी आधाराला घेतलेल्या चाचण्या प्रत्यक्षात झालेल्या आहेत.

प्राध्यापिका चेतापेशींच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक आहेत आणि मूळ यंत्रणा उलगडल्यावाचून उपचार हाती लागणार नाही, असा त्यांचा पक्ष आहे. डॉक्टर पुनर्वसनवैद्यकातले, म्हणजे इजेनंतर शिल्लक राहिलेल्या शक्तीतून रुग्णाचे रोजचे जगणे पुन्हा उभे करणाऱ्या शाखेतले. परिषदांनी रुग्णाला उद्याच्या आशेवर फार काळ ठेवले आणि आजच्या गरजांकडे पाठ फिरवली, अशी त्यांची तक्रार आहे.

डॉक्टर : बाई, परिषदेची कार्यक्रमपत्रिका हाती घेतली की पहिल्या दिवसाची सकाळ पेशींना आणि रेणूंना दिलेली दिसते, आणि लघवी, बेडसोर, व्हीलचेअर हे विषय शेवटच्या दुपारी, निम्मे सभागृह विमानतळाकडे निघाल्यावर येतात. वास्तविक मज्जारज्जूच्या इजेनंतर माणूस जगू लागला तो कोणत्याही रेणूमुळे नव्हे. पहिल्या महायुद्धात कण्याला गोळी लागलेले बहुसंख्य सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत, आणि मृत्यूचे कारण बहुधा मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग किंवा पाठीला पडलेले बेडसोर हे असे. नाझी राजवटीतून निसटून 1939 साली इंग्लंडमध्ये आलेल्या लुडविग गुटमन यांनी 1944 च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उघडला, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाला कूस बदलून देण्याचा दंडक घातला, मूत्राशयाची निगा काटेकोर केली आणि रुग्णाला खाटेवरून उठवून कामाला लावले. तेवढ्याने चित्र पालटले. त्या दंडकाइतके आयुष्य वाढवणारे औषध तुमच्या सकाळच्या सत्रांतून अजून तरी बाहेर पडलेले नाही.

(गुटमन यांनी 1948 साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरील धनुर्धरांची एक छोटी स्पर्धा भरवली होती. तिच्यातून पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या, आणि 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले ते याच परंपरेत. पुनर्वसनाला दुय्यम शास्त्र मानणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.)

प्राध्यापिका : गुटमन यांचे ऋण कोणीच नाकारत नाही, डॉक्टर. पण कूस बदलण्याने माणूस जगतो. त्याचा हात हलू लागत नाही. स्पॅनिश शास्त्रज्ञ काहाल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात असा निष्कर्ष मांडला होता की प्रौढ प्राण्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेले तंतू पुन्हा वाढत नाहीत, आणि पुढची पन्नास-साठ वर्षे तो निष्कर्ष जवळजवळ शिक्कामोर्तब झाल्यासारखा राहिला. कॅनडात अल्बर्ट अ‍ॅग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड यांनी 1981 साली उंदराच्या पायातल्या नसेचा तुकडा मज्जारज्जूला पुलासारखा जोडला, तेव्हा मज्जारज्जूतले तंतू त्या तुकड्यात शिरून कित्येक मिलिमीटर वाढलेले आढळले. वाढण्याची ताकद पेशीत असते आणि अडसर भोवतालच्या ऊतींत असतो, हे त्यातून कळले. ज्यांना ‘आता काही होणे नाही’ असे सांगून घरी पाठवले जात होते, त्यांच्यासाठी ही बातमी लहान नव्हती.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. चेतापेशीपासून निघणारा आणि संदेश वाहून नेणारा लांब धागा म्हणजे अक्षतंतू. मेंदूतून निघालेले काही अक्षतंतू थेट कमरेपर्यंत उतरतात, म्हणून मानेत तुटलेल्या धाग्याची किंमत पायाला मोजावी लागते. या तंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टन असते, ज्यामुळे संदेश वेगाने जातो. झुरिचच्या मार्टिन श्वाब यांनी दाखवून दिले की मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यातील मायलिनमध्ये तंतूंची वाढ रोखणारी प्रथिने असतात; त्यांपैकी एकाला पुढे ‘नोगो-ए’ असे नाव मिळाले. त्या प्रथिनाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दिल्यावर उंदरांत तंतू वाढले, माकडांतही हाताच्या हालचाली सुधारल्या, आणि अखेर मानेच्या इजेच्या रुग्णांवर युरोपातील अनेक केंद्रांत मिळून चाचणी झाली.

डॉक्टर : आणि 2024 अखेर तिचा निकाल आला. हाताच्या शक्तीचे गुण, म्हणजे ज्या निकषावर औषधाचा न्याय करायचे आधीच ठरले होते तो मुख्य निकष, औषध मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत सारखाच निघाला.

प्राध्यापिका : ज्यांच्यात इजेनंतरही थोडी हालचाल शिल्लक होती, त्या रुग्णांत फायद्याची चिन्हे दिसली, हे त्याच निकालात आहे. ते सोडून देऊन चालणार नाही.

डॉक्टर : सोडून देऊ नये, पण त्यावर घरही बांधू नये. सगळ्या रुग्णांत फरक नाही आणि एका उपगटात मात्र आहे, हे वाक्य या क्षेत्राने पूर्वी एकदा ऐकलेले आहे.

डॉक्टरांचा रोख मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर होता, आणि हे प्रकरण सविस्तर पाहण्याजोगे आहे. मज्जारज्जूची इजा दोन टप्प्यांत घडते, अशी या क्षेत्रातील मूलभूत धारणा आहे. मणका मोडून मज्जारज्जू चिरडला जातो तो पहिला टप्पा क्षणात संपतो. त्यानंतर काही तास आणि दिवस सूज, रक्तस्राव, रक्तपुरवठ्याचा अभाव आणि पेशींतून सांडणारी घातक रसायने यांमुळे भोवतालचा वाचलेला भागही मरत जातो, त्याला दुय्यम इजा म्हणतात. रेजिनाल्ड अ‍ॅलन या अमेरिकन संशोधकाने 1911 च्या सुमारास कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर वजन टाकून केलेल्या प्रयोगांतून या कल्पनेची सुरुवात झाली. दुय्यम इजा थोपवता येईल, या आशेवर अमेरिकेत 1990 साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात 487 रुग्ण होते. सर्व रुग्ण एकत्र धरले असता स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. ज्यांना इजेनंतर आठ तासांच्या आत औषध मिळाले, त्यांच्या हालचालींच्या गुणांत मात्र सहा महिन्यांनी सुमारे पाच गुणांची सरशी दिसली. हे पाच गुण म्हणजे रुग्णाच्या हातात चमचा धरण्याची शक्ती आली की नाही, याचे उत्तर त्या निबंधात नव्हते. तरीही आठ तासांचा हा नियम जगभरच्या अपघात विभागांत पोचला आणि पुढची दोन दशके तेथे टिकला. टीकाकारांचे म्हणणे असे, की आठ तासांची रेघ कुठे ओढायची हे आकडे हाती आल्यावर ठरले असावे. मूळ संशोधकांनी हा आक्षेप मान्य केला नाही. कॅनडातील शल्यचिकित्सकांच्या एका पाहणीत, बहुतेकजण हे औषध स्वतःच्या खात्रीपेक्षा सहकाऱ्यांचा दबाव आणि कोर्टकचेरीची भीती यांपोटी देतात, असे आढळले.

मेंदूच्या इजेत हेच औषध द्यावे का, याचा निवाडा ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीने केला. कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला निष्क्रिय द्रव मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे नशिबावर सोडून, म्हणजे यादृच्छिक वाटप करून, 10,008 रुग्णांची नोंद झाली आणि 2004 साली निकाल आला: पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी 21.1 टक्के दगावले आणि न मिळालेल्यांपैकी 17.9 टक्के. डोक्याला मार लागलेल्यांना अनेक देशांत वर्षानुवर्षे सद्भावनेने दिले गेलेले औषध मृत्यू वाढवीत होते. मज्जारज्जूच्या बाबतीत अमेरिकेतील न्यूरोसर्जनांच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नये असे सांगितले, तर 2017 च्या एका आंतरराष्ट्रीय गटाने आठ तासांच्या आत देण्याचा पर्याय मोकळा ठेवला. तीच आकडेवारी पाहून दोन जाणती मंडळे दोन टोकांना पोचली, यावरून मूळ पुरावा किती पातळ होता हे कळते.

प्राध्यापिका : डॉक्टर, यात दोष प्रयोगशाळेचा की चाचणीच्या आखणीचा?

डॉक्टर : प्रोजेस्टेरॉनचे उदाहरण घेऊ, म्हणजे आखणीकडे बोट दाखवायला जागा उरणार नाही. या संप्रेरकाने मेंदूची सूज उतरते, असे उंदरांवरच्या अनेक प्रयोगांत, अनेक प्रयोगशाळांत दिसले. रुग्णांवरच्या दोन छोट्या चाचण्याही अनुकूल निघाल्या. मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एक 882 रुग्णांची आणि दुसरी 1,195 रुग्णांची, आणि 2014 च्या डिसेंबरात दोन्ही एकदमच प्रसिद्ध झाल्या. मोठ्या चाचणीत बरे म्हणण्याजोग्या रुग्णांचे प्रमाण औषधाने 50.4 टक्के आणि औषधाविना 50.5 टक्के! इतकी वर्षे, इतके उंदीर, इतक्या परिषदा, आणि हाती आला तो दशांश चिन्हानंतरचा फरक.

प्राध्यापिका : आकडे बरोबर आहेत, पण निष्कर्ष घाईचा आहे. उंदराला इजा करून काही मिनिटांत किंवा तासाभरात औषध देता येते. अपघातातला माणूस रस्त्यावरून उचलला जातो, त्याची संमती घ्यायची असते, नातेवाईक शोधायचे असतात. शिवाय मेंदूची इजा हा एक रोग नाही. कवटीखाली साकळलेले रक्त, मेंदूला बसलेला खोल ओरखडा आणि हिसक्याने सर्वदूर ताणले गेलेले तंतू ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि चाचणीत ती एकाच नावाखाली, बेशुद्धीच्या एकाच मोजपट्टीने एकत्र कोंबली जातात. औषध एका दुखण्यावर चालत असेल, तरी सरासरीत ते बुडून जाते.

प्राध्यापिकांच्या या युक्तिवादात तथ्य आहे, पण तो दुधारी आहे. कारण माणसातली विविधता जितकी मान्य करावी तितका प्रयोगशाळेतल्या उंदराचा एकसारखेपणा उघडा पडतो. हा एकसारखेपणा कसा घडवला जातो, हे जवळून पाहिले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये विकसित झालेल्या प्रमाणित उपकरणात भूल दिलेल्या उंदराच्या पाठीचे हाड उघडून मज्जारज्जूवर दहा ग्रॅम वजनाची कांडी सोडतात, ती 12.5 मिलिमीटर उंचीवरून सोडली तर इजा सौम्य, 25 वरून मध्यम आणि 50 वरून तीव्र समजतात. त्यानंतर आठवडे लोटत जातात तसतसे उंदराला एका गोल, उथळ रिंगणात सोडले जाते आणि दोन निरीक्षक चार मिनिटे त्याच्या मागच्या पायांकडे पाहतात: घोटा हलतो का, तळवा टेकतो का, अंगाचे वजन पेलतो का, पुढच्या आणि मागच्या पायांचा ताल जमतो का, शेपूट उचललेली राहते का. ओहायो येथील तीन संशोधकांनी 1995 साली बसवलेल्या या मोजपट्टीवर शून्य ते एकवीस गुण मिळतात. काम निगुतीचे आहे आणि तुलना करता येण्यासाठी ते आवश्यकही आहे. परंतु सर्व उंदीर एकाच वाणाचे, एकाच वयाचे, इजा छातीच्या भागात आणि मिलिमीटरपर्यंत मोजलेली, तर रुग्णांत इजा बहुधा मानेची, वय अठरा ते ऐंशी आणि इजेचे कारण मोटारसायकलपासून झाडावरून पडण्यापर्यंत काहीही.

डॉक्टर : आणि त्या रिंगणातसुद्धा तेच गुण पुन्हा पडत नाहीत, ते वेगळेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी 2003 पासून तीन विद्यापीठांना मुद्दाम पैसे देऊन गाजलेले प्रयोग पुन्हा करायला लावले. मूळ संशोधकांना विचारून, त्यांच्याच पद्धतीने. 2012 साली त्याचा गोषवारा आला आणि त्यात बहुतेक प्रयोगांचे मूळ निकाल पुन्हा मिळाले नव्हते.

प्राध्यापिका : तो गोषवारा आमच्यापैकीच लोकांनी लिहिला आणि आमच्याच नियतकालिकाने छापला, हेही सांगायला हवे. स्वतःच्या कामाचा असा पंचनामा करणारी शाखा दुर्मीळ असते. त्यानंतर प्रयोग लिहिताना काय काय नोंदवायचे याचे नियम आले, आणि मेंदूच्या इजेसाठी एकच औषध तीन केंद्रांत, तीन वेगळ्या प्रकारच्या इजांवर तपासणारी साखळी उभी राहिली; तिच्यात पहिली पाच औषधे उतरवली तेव्हा बहुतेकांचा फुगा फुटला. प्रयोगशाळेतच फुटला, हा फायदाच झाला.

डॉक्टर : फुगा फुटल्याची बातमी मात्र सभागृहाबाहेर जात नाही, फुगवल्याची जाते. जपानने 2018 च्या डिसेंबरात रुग्णाच्याच अस्थिमज्जेतून काढलेल्या मूलपेशींच्या उपचाराला सशर्त परवानगी दिली, ती अवघ्या तेरा रुग्णांच्या आणि तुलनेला दुसरा गट नसलेल्या अभ्यासावर. काही रुग्ण इजेनंतर कोणत्याही औषधाशिवाय सुधारतात. पूर्ण इजा म्हणून नोंद झालेल्यांपैकीसुद्धा पाचातला सुमारे एक जण वर्षभरात थोडीफार संवेदना किंवा हालचाल परत मिळवतो. मग तेरा जणांत काय कळणार? आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी, रक्ताच्या काही आजारांत होणारे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशी उपचार म्हणून विकण्याला मनाई केली आहे. तरीही शेत विकून इंजेक्शने घेतलेली कुटुंबे पुनर्वसन केंद्रात येतात, आणि हातात वर्तमानपत्राचे कात्रण असते.

या आरोपावर प्राध्यापिकांपाशी उत्तर नव्हते, आणि प्रस्तुत लेखालाही ते सापडत नाही. मात्र डॉक्टरांच्या बाजूचे दावेही त्याच काट्यावर तोलले गेले पाहिजेत, ही अपेक्षा रास्त ठरते, आणि पुढचा वाद त्यावरच झाला.

डॉक्टर : रुग्णांना काय हवे, हे विचारून झालेले आहे. स्वतः मज्जारज्जूच्या इजेसह जगणाऱ्या संशोधिका किम अँडरसन यांनी 681 रुग्णांची पाहणी करून 2004 साली ती प्रसिद्ध केली. हात आणि पाय दोन्ही गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी, म्हणजे 48.7 टक्क्यांनी, आधी हात परत मिळावेत असे सांगितले. फक्त पाय गेलेल्यांत सर्वाधिक पसंती लैंगिक क्षमतेला मिळाली. आणि मूत्राशय व आतडी यांवरचा ताबा दोन्ही गटांत महत्त्वाचा निघाला. चालणे वरच्या ओळीत नव्हते. आणि तुमच्या रिंगणात काय मोजतात? चालणे.

प्राध्यापिका : म्हणूनच हातासाठी काम सुरू झाले. मानेवर त्वचेच्या वरून विद्युत्‌स्पंदने देणारे उपकरण, शस्त्रक्रियेशिवाय वापरता येणारे. त्याची साठ रुग्णांवरची चाचणी 2024 साली प्रसिद्ध झाली, जवळजवळ तीन चतुर्थांश रुग्णांत हाताची शक्ती आणि वापर दोन्ही वाढले, आणि वर्षअखेर अमेरिकेत परवानगीही मिळाली. त्यामागची कल्पना, की इजेखालचा मज्जारज्जू मेलेला नसतो आणि त्याला वरून थोडी चेतना मिळाली तर तो पुन्हा ऐकू लागतो, ती प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच आली.

डॉक्टर : आणि ती यशस्वी झाली ती दोन महिने नुसता व्यायाम, मग दोन महिने व्यायामासह स्पंदने, अशा पुनर्वसनाच्या चौकटीत.

प्राध्यापिका : चौकट तुमची होती, म्हणूनच एक प्रश्न. सगळ्या रुग्णांना आधी व्यायाम आणि मग स्पंदने मिळाली. खोटे उपकरण लावलेला, तुलनेचा गट नव्हता. हाच अभ्यास औषधाचा असता तर तुम्ही तो मानला असता का? तेरा जपानी रुग्णांवर जो आक्षेप घेतला, तो साठांवर अंशतः तरी लागू होतो.

डॉक्टर : अंशतः होतो. ते रुग्ण जुन्या इजेचे होते, आपोआप सुधारण्याचा काळ त्यांच्या बाबतीत मागे पडला होता, त्यामुळे दोष तेवढा मोठा नाही. पण होतो.

इतका वेळ दोन्ही बाजू यशापयशाचा हिशेब मांडत होत्या. वादाला खरे वळण मिळाले ते एका जुन्या, फसलेल्या कामाच्या नोंदींमुळे, आणि प्रस्तुत लेखाचा कल कोणत्या बाजूला आहे हे येथे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेत 1990 च्या दशकात अनेक प्रयोगशाळांनी मिळून उंदरांच्या मज्जारज्जूच्या इजेवर औषधांच्या चाचण्या केल्या होत्या. औषधांनी विशेष काही साधले नाही आणि प्रत्येक प्राण्याच्या बारीकसारीक नोंदी, त्यांत शस्त्रक्रियेच्या वेळचा रक्तदाबही, अप्रकाशित राहिल्या. सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅडम फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा नोंदी संगणकावर आणल्या, एका नव्या गणिती पद्धतीने त्यांची पुन्हा मांडणी केली आणि 2015 साली निष्कर्ष छापला, की शस्त्रक्रियेच्या सुमारास ज्या उंदरांचा रक्तदाब फार चढला होता ते कमी सुधारले, आणि हा एक आकडा तपासलेल्या कोणत्याही औषधापेक्षा पुढच्या सुधारणेचे अधिक चांगले भाकीत करीत होता. त्याच वर्तुळातील संशोधकांनी नंतर रुग्णांच्या शस्त्रक्रियेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्तदाब फार उतरणे आणि फार चढणे या दोन्हींचा संबंध कमी सुधारणेशी आढळला. तोवर वैद्यांचा सारा भर दाब उतरू न देण्यावर होता. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही, आणि त्यासाठी नव्या चाचण्या लागतील. तरीही ज्या प्रश्नाचा माग लागला तो कोणत्याही गाजलेल्या निबंधात नव्हता. तो फसलेल्या चाचण्यांच्या बाजूला पडलेल्या रकान्यांत होता.

प्राध्यापिका : म्हणून परिषदेची पहिली सकाळ फसलेल्या प्रयोगांना द्यावी, नुसत्या निष्कर्षासह नव्हे, तर प्रत्येक प्राण्याच्या नोंदीसह. मज्जारज्जूच्या इजेची अशी सामायिक माहितीपेढी आता उभी आहे. तिच्यात नोंदी जमा केल्याशिवाय व्याख्यानाची जागाच देऊ नये.

डॉक्टर : हे मान्य. पण त्या नोंदींत रुग्णाला हवे ते असेल का? इजा झालेल्या उंदराच्या मूत्राशयाचे काय होते?

प्राध्यापिका : माणसाचे होते तेच. लघवी तुंबते. विद्यार्थी दिवसातून दोन-तीन वेळा प्रत्येक उंदीर हातात घेऊन, पोटावर बोटांनी हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करतात. सुट्टीच्या दिवशीही, दिवाळीतही. आठ-दहा दिवसांत बहुतेक उंदरांत ते आपोआप रिकामे होऊ लागते, काहींत उशीर लागतो.

डॉक्टर : आणि कोणत्या उंदरात किती दिवस लागले, हे निबंधात येते?

प्राध्यापिका : ‘पद्धती’ या भागात एक वाक्य येते, की मूत्राशय रोज हाताने रिकामे केले.

डॉक्टर : बाई, म्हणजे ज्याला रुग्ण वरच्या ओळीत बसवतात, ते तुमच्या विद्यार्थ्यांच्या बोटांखालून रोज तीनदा जाते, आणि ते शुश्रूषेत जमा होते, निकालात नाही!

प्राध्यापिका काही काळ आकडेमोड करीत राहिल्या. हाताने काढलेल्या लघवीचे प्रमाण अंदाजाचे असते. ‘भरलेले’, ‘अर्धे’, ‘रिकामे’ अशा खुणा पिंजऱ्यावरच्या कार्डावर होतात आणि प्रयोग संपला की कार्ड टाकून देतात. मोजायचे म्हटले तर लघवी वेगळी जमा करणारे पिंजरे लागतील, त्यांची किंमत जास्त, आणि अनुदान मागताना चालण्याच्या गुणांऐवजी हे मोजणार असे लिहिले तर परीक्षक काय म्हणतील याची शाश्वती नाही. दोन कच्चे निरीक्षक चार मिनिटे पाय पाहून एकवीसपैकी गुण देऊ शकतात, तर तीन खुणांची मोजपट्टी बसवणे अशक्य नाही, हा डॉक्टरांचा मुद्दा त्यांनी मान्य केला. मात्र निरीक्षक कच्चे असतात हे मान्य केले नाही, कारण त्या मोजपट्टीसाठी रीतसर प्रशिक्षण घ्यावे लागते.

त्यांचे मतभेद यापुढेही उरले. तंतू पुन्हा वाढवण्याच्या संशोधनावरचा पैसा पुनर्वसनाकडे वळवावा, ही डॉक्टरांची मागणी प्राध्यापिकांनी फेटाळली. रुग्णांच्या पसंतीवरून जीवशास्त्राचे प्रश्न ठरू लागले तर 1981 चा तो नसेचा तुकडा कोणी जोडलाच नसता, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी हे म्हणणे खोडले नाही, पण त्या तुकड्याला चाळीस वर्षे होऊन गेली, याची आठवण करून दिली. पुढील परिषदेसाठी त्यांनी मिळून एकच प्रस्ताव लिहायला घेतला: ज्या प्रयोगशाळांनी पिंजऱ्यांवरची कार्डे अजून टाकलेली नाहीत, त्यांनी ती पाठवावीत, औषधाचा निकाल काहीही लागलेला असो. कार्डावरची कोणती खूण म्हणजे ‘अर्धे’ समजायची, यावर त्यांचे तोवर एकमत झालेले नव्हते.